गावाचा ठराव, राज्याचा कायदा आणि व्हर्जिनियातल्या बंदुका

३१ मे २०१९. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीच या समुद्रकाठच्या शहरात पालिकेच्याच एका इंजिनिअरनं पालिकेच्याच इमारतीत शिरून १२ जणांचे जीव घेतले. एक कंत्राटदार सोडला तर सगळे पालिकेचेच कर्मचारी. त्यानंतर सातच महिन्यांनी, जानेवारी २०२०च्या पहिल्या आठवड्यात, याच शहराच्या नगरपरिषदेनं ठराव केला: आमचं शहर बंदूक बाळगण्याच्या घटनात्मक हक्काच्या बाजूनं उभं आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, तारखांची काहीतरी गल्लत झाली असणार. गल्लत नव्हती. मधल्या सात महिन्यांत व्हर्जिनियात जे घडलं ते कळलं, तर अमेरिकेत बंदुकीचा प्रश्न सुटत का नाही याचा बराचसा उलगडा होतो. शिवाय ही गोष्ट बंदुकीइतकीच ठरावांची आहे. ग्रामसभेत ठराव होतो, टाळ्या पडतात, आणि वर तालुक्याला कुणी त्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती पटकन समजेल.

आधी पाया. आपल्याकडे बंदूक ही परवानगीची गोष्ट आहे. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो, परवाना घ्या. अर्ज करा, कारण द्या, चौकशी होईल, साहेबांना पटलं तर मिळेल. निवडणूक लागली की कोकणात आणि गोव्यात शेती राखायला बंदूक ठेवणारे शेतकरी ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात, कुरकुरत का होईना. अमेरिकेत गणित उलटं आहे. तिथे १७९१ साली राज्यघटनेत जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीनं लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्या वाक्याची सुरुवात ‘सुव्यवस्थित नागरी सेने’च्या उल्लेखानं होते, त्यामुळे हा हक्क सेनेचा की एकेका माणसाचा, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८ साली सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तो एकेका माणसाचा आहे, आणि २०१० साली सांगितलं की तो राज्यांवरही बंधनकारक आहे. मात्र हा हक्क अमर्याद नाही, असंही २००८च्या त्याच निकालात लिहिलंय. सगळी भांडणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतात.

व्हर्जिनिया या भांडणाचं जुनं घर. बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी राष्ट्रीय संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन म्हणजे एनआरए, तिचं मुख्यालय याच राज्यात, फेअरफॅक्स काउंटीत. आणि २००७च्या एप्रिलमध्ये ३२ जणांचा बळी घेणारा व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबारही याच राज्यातला. त्या ३२ जणांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगी होती. तेव्हा ती बातमी इथल्या मराठी वर्तमानपत्रांतही पहिल्या पानावर होती.

सत्ता फिरली

व्हर्जिनिया बीचच्या घटनेनंतर डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हातात. त्यांनी विषय एका आयोगाकडे अभ्यासाला धाडला आणि दीड तासात अधिवेशन गुंडाळलं. ‘अभ्यास समिती’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको.

मग ५ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली: खालच्या सभागृहात ५५ विरुद्ध ४५, सिनेटमध्ये २१ विरुद्ध १९. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी या पक्षाकडे येण्याची ही पाव शतकातली पहिली वेळ. एव्हरीटाउन या बंदूक-नियंत्रणवाल्या संघटनेनं एनआरएच्या अंगणात येऊन तिच्या कितीतरी पट पैसा या निवडणुकीत ओतला होता. निकाल लावला तो शहरांच्या उपनगरांनी. वॉशिंग्टनला लागून असलेली लाउडन आणि फेअरफॅक्स या काउंट्यांची नावं आपल्यापैकी अनेकांना भाच्या-पुतण्यांच्या पत्त्यांवरून ठाऊक असतात. आयटीतली मराठी घरं तिथे भरपूर. त्या भागातून सुहास सुब्रमण्यम निवडून आले, आणि राज्याची राजधानी रिचमंडच्या उपनगरातून हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी यांनी रिपब्लिकन सिनेटरला हरवलं. राज्याचा नकाशा पाहिला तर डेमोक्रॅटांचे निळे ठिपके थोडे आणि रिपब्लिकनांचा लाल पट्टा भला मोठा. पण माणसं ठिपक्यांत राहतात.

सत्ता आली तसा नॉर्थम यांनी विधेयकांचा जुना गठ्ठा पुन्हा बाहेर काढला. त्यात काय होतं, ते जरा सावकाश बघू. विरोध सगळ्याला सारखा नव्हता.

सगळ्यात साधं, प्रत्येक विक्रीआधी खरेदीदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं. परवानाधारक दुकानदार आधीपासून ती तपासत होता, पण एका सामान्य माणसानं दुसऱ्याला बंदूक विकली तर तपासणी लागत नव्हती. मग ‘महिन्याला एकच पिस्तूल’. हा नियम व्हर्जिनियात १९९३ साली गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांच्या काळात आला होता, कारण इथून घाऊक पिस्तुलं घेऊन ९५ नंबरच्या महामार्गानं न्यूयॉर्कात विकण्याचा धंदा जोरात होता. २०१२ साली रिपब्लिकनांनी तो रद्द केला. आता तो परत आणायचा होता. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ठरलेल्या मुदतीत पोलिसांना कळवणं. लहान मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवल्यास जास्त कडक शिक्षा. आणि ‘रेड फ्लॅग’ कायदा: एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं तर पोलीस किंवा सरकारी वकील कोर्टाकडून आदेश मिळवून त्याच्या बंदुका आधी १४ दिवस, आणि सुनावणीनंतर १८० दिवसांपर्यंत काढून घेऊ शकतील.

खरी आग लागली ती ‘असॉल्ट वेपन’ बंदीनं. हा शब्द मुळातच भांडणाचा. मशीनगन वेगळी; घोडा दाबून धरला की ती सुटतच राहते आणि तिच्यावर अमेरिकेत कडक निर्बंध फार जुने आहेत. इथे प्रश्न सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचा होता, म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. शिकारीची पुष्कळ हत्यारंही अशीच चालतात. मग बंदी कशावर घालायची? कायदे लिहिणारे बहुधा वैशिष्ट्यांची यादी करतात: पिस्तुलासारखी मूठ, दुमडता दस्ता, मोठं मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी वगैरे. बंदूकवाले म्हणतात की ही दिसण्यावर बंदी आहे, घातकपणावर नाही. मुठीपुरता त्यांचा मुद्दा मला पटतो. मॅगझिनबाबत नाही, कारण एका दमात किती गोळ्या झाडता येतात याला गर्दीत फार अर्थ असतो.

नोव्हेंबरात सिनेटचे ज्येष्ठ डेमोक्रॅट डिक सॅसलॉ यांनी जे विधेयक दाखल केलं, त्यात अशी बंदूक विकण्यावरच नाही तर बाळगण्यावरही बंदी होती. आधीपासून घरात असलेल्या बंदुकांना सूट नाही. म्हणजे काल दुकानातून रीतसर घेतलेल्या रायफलीपायी उद्या तुम्ही गुन्हेगार. नॉर्थम यांनी डिसेंबरात सांगितलं की आधीच्या मालकांना नोंदणी करून बंदूक ठेवता येईल, पण तोवर बाण सुटला होता. त्यातच राज्याच्या बजेटात तुरुंग खात्यासाठी २,५०,००० डॉलर दिसले. ‘बघा, आम्हाला डांबायची तयारी चालू आहे!’ असं म्हणत तो आकडा घरोघर फिरला. प्रत्यक्षात व्हर्जिनियाचा एक रूक्ष नियम असा आहे की विधेयकामुळे कैदी वाढण्याची शक्यता असली आणि नक्की अंदाज करता येत नसला, तरी किमान ५०,००० डॉलरची तरतूद दाखवावी लागते. पाच विधेयकं, गुणिले पन्नास हजार. नियमाचा हा तपशील कुणी घरोघर पोचवला नाही.

सभागृहात नारिंगी गर्दी

इथे एनआरए मागे पडली आणि एक स्थानिक संघटना पुढे आली. व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग, लोकांच्या तोंडी व्हीसीडीएल. १९९४ सालची. अध्यक्ष फिलिप व्हॅन क्लीव्ह. एनआरएला तडजोडवादी म्हणणारी ही मंडळी. तिचं बळ पैशात नव्हतं, ईमेलच्या यादीत होतं.

व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि ३८ स्वतंत्र शहरं आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. कारभार बघायला निवडून आलेलं बोर्ड, आणि बोर्डाच्या सभेत कुणाही नागरिकाला उभं राहून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. एरवी या सभांना कोण येतं? रस्त्याच्या खड्ड्याची तक्रार घेऊन आलेले दोन आजोबा. व्हीसीडीएलनं ठरावाचा मसुदा तयार केला, कुठल्या काउंटीची सभा कोणत्या तारखेला हे सदस्यांना कळवलं, आणि लोक ‘गन्स सेव्ह लाइव्ह्ज’ लिहिलेली नारिंगी स्टिकरं छातीवर लावून शेकड्यांनी जाऊ लागले. खुर्च्या पुरेनात, दारापर्यंत रांगा. बोर्डावरच्या माणसानं समोर पाहिलं तर त्याचा मेकॅनिक, त्याच्या चर्चमधले लोक, मुलाचा फुटबॉलचा कोच. अशा सभेत नाही म्हणणं फार अवघड असतं.

अप्पोमॅटॉक्स काउंटीनं १८ नोव्हेंबरला ठराव केला. हीच ती जागा, जिथे अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६५ साली दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर जणू साथच पसरली. टॅझवेल काउंटीनं तर नागरी सेनेच्या हक्काचाही एक वेगळा ठराव जोडला. वर्ष संपेपर्यंत असे ठराव करणाऱ्या काउंट्या, शहरं आणि गावं शंभराच्या पुढे गेली. ९५ पैकी ९०च्या आसपास काउंट्या त्यात होत्या. भाषा मात्र सारखी नव्हती. काहींनी सरळ लिहिलं की घटनाबाह्य कायद्यांसाठी आमचा पैसा आणि माणसं वापरणार नाही. काहींनी नुसतीच घटनेवर निष्ठा जाहीर केली, जिला कोण नाही म्हणणार? व्हर्जिनिया बीचचा ठराव या दुसऱ्या, मवाळ जातीचा होता.

या काउंट्या स्वतःला ‘सेकंड अमेंडमेंट सँक्च्युअरी’ म्हणवून घेऊ लागल्या. सँक्च्युअरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अभयारण्य येतं, म्हणजे जिथे बंदूक न्यायलाच बंदी ती जागा. इथे अभय बंदुकीला. शब्द मुद्दाम उसना घेतला होता. अमेरिकेतल्या काही शहरांनी ठरवलंय की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना पकडायच्या कामात आमचे पोलीस केंद्र सरकारला मदत करणार नाहीत. ती ‘सँक्च्युअरी’ शहरं. इलिनॉयमधल्या एफिंगहॅम काउंटीनं २०१८ साली तोच शब्द डेमोक्रॅटांवर उलटवला: तुम्ही माणसांना अभय देता, आम्ही बंदुकांना देतो.

टोला झकास होता. पण कायद्याच्या दृष्टीनं तुलना लंगडी, आणि ती का लंगडी हे समजून घेण्यासारखं आहे.

केंद्र सरकार राज्याच्या किंवा स्थानिक अधिकाऱ्याला ‘आमचा कायदा तूच राबव’ असा हुकूम सोडू शकत नाही. गंमत म्हणजे हे तत्त्व १९९७ साली बंदुकीच्याच खटल्यात ठाम झालं. केंद्राच्या कायद्यानं पिस्तूल खरेदीदारांची तपासणी स्थानिक शेरिफांवर, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांवर, टाकली होती. माँटाना आणि ॲरिझोनामधले दोन शेरिफ सुप्रीम कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे स्थलांतरितांना अभय देणारी शहरं याच निकालाच्या आधारानं उभी राहिली. पण हे नातं केंद्र आणि राज्य यांच्यातलं. राज्य आणि काउंटी यांच्यातलं नातं निराळं. काउंटी हे राज्याचंच लेकरू. त्यातून व्हर्जिनियात ‘डिलन रूल’ चालतो, एकोणिसाव्या शतकातल्या जॉन डिलन या आयोवाच्या न्यायाधीशाच्या नावानं ओळखला जाणारा: राज्यानं स्पष्टपणे दिलेली आणि तिच्यातून ओघानं येणारी तेवढीच सत्ता स्थानिक संस्थेची, बाकी काही नाही. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, मार्क हेरिंग यांनी २० डिसेंबरला लेखी मत दिलं की या ठरावांना कायद्यानं काहीही किंमत नाही.

मग ठराव म्हणजे कागदच? पूर्ण नाही. व्हर्जिनियात काउंटीचा शेरिफ आणि सरकारी वकील हे दोघंही लोकांनी निवडून दिलेले असतात, बोर्डाचे नोकर नसतात. कोणत्या गुन्ह्यामागे किती ताकद लावायची हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात. शेरिफनं एखाद्या कायद्याकडे काणाडोळा करायचं मनावर घेतलं तर रिचमंडमधून त्याला हलवणं सोपं नाही. कल्पेपर काउंटीचे शेरिफ स्कॉट जेन्किन्स यांनी तर जाहीर केलं की वेळ पडल्यास हजारो नागरिकांना सहायक डेप्युटी म्हणून शपथ देईन, म्हणजे त्यांच्या बंदुका कुणी काढून घेऊ शकणार नाही. (हेच जेन्किन्स पुढे पैसे घेऊन डेप्युटीचे बिल्ले वाटल्याबद्दल डिसेंबर २०२४मध्ये दोषी ठरले, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मे २०२५मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.)

ठराव किती टिकाऊ असतो त्याचा नमुना प्रिन्स विल्यम काउंटीत दिसला. निवडणूक हरलेल्या, जायच्या तयारीतल्या रिपब्लिकन बोर्डानं डिसेंबरात तो केला. जानेवारीत आलेल्या डेमोक्रॅट बोर्डानं आल्या आल्या फिरवला.

आणि हो, त्याच डिसेंबरात दिल्लीत काय चाललं होतं माहीत आहे? आपल्या संसदेत शस्त्र कायद्याची दुरुस्ती. एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत, त्या एकावर आणायचा सरकारचा मूळ बेत होता. नेमबाज आणि काही राजकीय नेत्यांनी हरकत घेतली, आणि शेवटी आकडा दोनवर ठरला. शंभर ठराव नाहीत, मोर्चा नाही. जिथे हक्क नसून परवानगी असते तिथे विरोधही अर्जविनंतीच्या सुरात होतो.

रिचमंडचा सोमवार

जानेवारीचा तिसरा सोमवार अमेरिकेत मार्टिन लूथर किंग दिन म्हणून सुट्टीचा. व्हर्जिनियात या दिवशी नागरिक विधिमंडळात येऊन आमदारांना भेटतात. त्याला लॉबी डे म्हणतात. व्हीसीडीएल दर वर्षी येई, काही शे लोक घेऊन. आदल्याच सोमवारी एनआरएनं आपला वेगळा, शांत कार्यक्रम उरकला. या गर्दीशी आपलं नाव जोडलं जाऊ नये असं तिला वाटत असावं. २० जानेवारी २०२०ला किती येणार याचा अंदाज कुणालाच नव्हता. वर देशभरातले सशस्त्र गट ‘आम्हीही येतोय’ म्हणू लागले. १५ जानेवारीला नॉर्थम यांनी आणीबाणी जाहीर करून कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, आवारात शस्त्रबंदी केली. दुसऱ्याच दिवशी एफबीआयनं ‘द बेस’ या गोऱ्या वंशवादी टोळीच्या तिघांना पकडलं. शस्त्रबंदीविरुद्ध बंदूकवाले राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि हरले. २०१७ साली याच राज्यातल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वंशवाद्यांच्या मेळाव्यात झालेला हिंसाचार सगळ्यांच्या मनात ताजा होता.

झालं असं की काहीच झालं नाही. अंदाजे २२,००० लोक आले. सुमारे ६,००० जण बंदुका बाहेर ठेवून, मेटल डिटेक्टरमधून आत गेले. बाकीचे १६,००० कुंपणाबाहेर रस्त्यावर, अनेकांच्या खांद्याला रायफल. व्हर्जिनियात उघडपणे शस्त्र घेऊन हिंडायला परवाना लागत नाही, त्यामुळे हे सगळं कायदेशीर. कडाक्याच्या थंडीत घोषणा झाल्या, भाषणं झाली, जाताना लोकांनी कचराही उचलला. दिवसभरात अटक एक: तोंडावर फडकं बांधलेली २१ वर्षांची तरुणी. चेहरा झाकण्याविरुद्ध व्हर्जिनियात जुना कायदा आहे.

‘बघा, इतक्या बंदुका आणि एकही गोळी नाही,’ असं मोर्चेकरी म्हणाले, आणि ते खरं आहे. पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही आहे. गोळीबारात गेलेल्यांच्या आठवणीसाठी बंदूक-नियंत्रणवाले दर वर्षी त्याच दिवशी जमायचे. त्या वर्षी धमक्यांमुळे त्यांनी कार्यक्रम रद्द केला. काही विद्यार्थी आदल्या रात्रीच आमदारांच्या कचेरीत येऊन जमिनीवर झोपले, म्हणजे सकाळी त्या गर्दीतून वाट काढावी लागू नये. एका बाजूच्या हातात रायफल असेल तर सभा शांत राहू शकते. दुसरी बाजू सभेला येईलच असं नाही. मला हा मुद्दा त्या २२,०००च्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि मोर्च्याच्या बाजूनं बोलणारे तो सहसा टाळतात.

शेवटी काय पदरात पडलं

विधेयकं बरीचशी पास झाली. विक्रीआधी तपासणी, महिन्याला एक पिस्तूल, रेड फ्लॅग, हरवलेल्या बंदुकीची ४८ तासांत खबर, मुलांबाबतची शिक्षा. १० एप्रिलला नॉर्थम यांनी सह्या केल्या, १ जुलैपासून अंमल. शंभरावर ठराव आणि बावीस हजारांचा मोर्चा यांनी यातलं एकही थांबवलं नाही. तपासणीचं कलम मात्र थोडं मऊ झालं: बंदूक भेट देणं किंवा उसनी देणं त्यातून वगळलं, फक्त विक्री राहिली.

थांबली ती एकच गोष्ट, सगळ्यात मोठी. असॉल्ट वेपन बंदीचं डेमोक्रॅट आमदार मार्क लेव्हिन यांचं सुधारित विधेयक, ज्यात जुन्या मालकांना रायफल ठेवायला मुभा होती पण १२हून जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी होती, ते खालच्या सभागृहात ५१ विरुद्ध ४८नं कसंबसं तरलं. आठवड्याच्या आत, १७ फेब्रुवारीला, सिनेटच्या न्याय समितीनं १० विरुद्ध ५ मतांनी ते वर्षभरासाठी अभ्यासाला पाठवलं. तोच आयोग, तोच अभ्यास. फरक इतकाच की या वेळी चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले: क्री डीड्स, जॉन एडवर्ड्स, चॅप पीटरसन, स्कॉट सुरोव्हेल. ‘खेड्यातले डेमोक्रॅट घाबरले’ असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण शेवटचे दोघं फेअरफॅक्सच्या पट्ट्यातले. विधेयकाची शब्दरचना कच्ची असल्याची तक्रार होतीच. पण सिनेटमध्ये बहुमत दोनच जागांचं असताना असली तक्रार कानावर लवकर पडते, आणि बाहेरून आवाज येत असला की आणखी लवकर.

आता माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात मजेची गोष्ट. त्या गठ्ठ्यात आणखी एक विधेयक होतं: स्थानिक संस्थांना आपल्या इमारती, बागा आणि परवानगी घेऊन होणाऱ्या कार्यक्रमांत बंदूक आणायला बंदी घालण्याची मुभा. तोवर व्हर्जिनियात शहरांना बंदुकीबाबत स्वतःचे नियम करताच येत नव्हते, कारण राज्याच्या कायद्यानं त्यांचे हात बांधले होते. ही बांधणी बंदूकवाल्यांच्याच चळवळीची देणगी. १९८१ साली शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या छोट्या गावानं हँडगन बाळगण्यावर बंदी घातली. उत्तर म्हणून जॉर्जियातल्या केनेसॉ गावानं १९८२ साली प्रत्येक कुटुंबप्रमुखानं बंदूक ठेवलीच पाहिजे असा नियम केला. बातमी केनेसॉची गाजली. एनआरएनं मात्र मॉर्टन ग्रोव्हचा धडा घेतला: गावोगाव लढत बसण्यापेक्षा राज्याकडून असा कायदा करून घ्यावा की गावांना या विषयात तोंडच उघडता येऊ नये. पुढच्या काही दशकांत चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आले.

म्हणजे तीस-चाळीस वर्षं बंदूकवाले सांगत आले की बंदुकीचा कायदा राज्याचाच हवा, गावागणिक वेगळे नियम चालणार नाहीत. राज्य हातातून गेलं तेव्हा तेच गावोगाव जाऊन ठराव करू लागले की आमच्या काउंटीत आमचंच चालेल. आणि डेमोक्रॅट? शहरांना बंदीचा अधिकार देताना त्यांना स्थानिक लोकशाही आठवत होती; अप्पोमॅटॉक्सनं ठराव केला की लगेच डिलन रूल आठवला. दोघंही घटनेची आण घेऊन बोलत होते आणि दोघंही खरं तर मोजत होते की आपले लोक कुठल्या सभागृहात जास्त आहेत.

स्थानिक मुभेचं विधेयक पास झालं. अलेक्झांड्रिया, फेअरफॅक्स, रिचमंड यांनी पटापट नियम केले. २०२१चा लॉबी डे आला तेव्हा कोविड होता, कॅपिटॉलच्या आवारात आणि परवानगीच्या कार्यक्रमांत बंदूक नेता येत नव्हती. व्हीसीडीएलनं गाड्यांचा ताफा काढला आणि झेंडे फडकवत रिचमंडमधून फिरवला.

त्यानंतर पारडं दोनदा फिरलं. २०२१ साली रिपब्लिकन ग्लेन यंगकिन गव्हर्नरपदी निवडून आले. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी एका दिवसात बंदुकीविषयीची ३० विधेयकं व्हेटोनं परत पाठवली, त्यात असॉल्ट वेपन बंदीही होती. नोव्हेंबर २०२५मध्ये डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदी निवडून आल्या. त्यांच्या जोडीला लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या त्या गझाला हाश्मी, २०१९ साली रिचमंडच्या उपनगरातून आलेल्या. ज्या सिनेटच्या समितीत ते विधेयक अडकलं होतं, त्या सिनेटच्या अध्यक्षस्थानी आता त्या बसतात. मत त्यांना फक्त बरोबरी झाली तरच देता येतं.